हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरा येतो? घरच्या रेकॉर्डिंगमधला उशीर कसा घालवायचा

श्रावणात कानबाईची गाणी, लग्नसराईत अहिराणी गाणी, वर्षभर भजनं आणि यूट्यूबसाठीच्या चाली. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे घरातल्या एका खोलीत लॅपटॉप, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माईक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारी छोटी पेटी) आणि कंडेन्सर माईक एवढ्यावर रेकॉर्डिंग उरकणारे आता गावोगावी सापडतात. गायक हेडफोन लावतो, पहिली ओळ म्हणतो आणि थांबतो. ‘मना आवाज माले दोनदाव ऐकू येस.’ मग तो एक कान उघडा ठेवून गातो, उघड्या कानाच्या हेडफोनमधला ठेका माईकमध्ये शिरतो, आणि लय मागे ओढली जाते ती वेगळीच.

यावर नेहमी मिळणारा सल्ला म्हणजे ‘बफर कमी कर’, म्हणजे आवाज ज्या गठ्ठ्यांनी कॉम्प्युटरमध्ये ये-जा करतो ते लहान कर. तो चुकीचा नाही, पण तिथून सुरुवात करणं चुकीचं आहे. आधी गायकाचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरवण्याची गरज आहे का ते बघावं. दहांपैकी आठ वेळा ती नसते.

आधी दुखणं नेमकं कोणतं ते ठरवा

‘लॅग येतो’ या एका तक्रारीखाली तीन वेगळी दुखणी असतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिलं: गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागाहून येतो. हा मॉनिटरिंगचा, म्हणजे गाताना स्वतःला ऐकण्यातला उशीर, आणि हा लेख मुख्यतः त्याचाच आहे.

दुसरं: गाताना सगळं ठीक वाटतं, पण नंतर वाजवून पाहिलं की गायलेला ट्रॅक ठेक्याच्या मागे किंवा पुढे बसलेला असतो. ही भरपाईची चूक, म्हणजे सॉफ्टवेअर उशीर वजा करून ट्रॅक जागेवर बसवतं त्यातली चूक. तिचा इलाज शेवटाकडे दिला आहे. तिथे बफर कमी करून मूळ चूक जात नाही.

तिसरं: आवाज वेळेवर येतो पण चट्‌-चट्‌ असा तुटतो. म्हणजे बफर आधीच कॉम्प्युटरच्या ताकदीपेक्षा कमी ठेवला आहे. तो आणखी कमी केला तर दुखणं वाढेल.

पहिलं दुखणं नक्की करायला साधी चाचणी आहे. हेडफोन लावून तोंडापासून वीतभर अंतरावर धरलेल्या माईकसमोर जिभेने ‘टक्‌’ असा आवाज करा. एकच टक्‌ ऐकू आला तर ठीक. टक्‌ थोडा जाड, पोकळ वाटला तर उशीर काही मिलिसेकंदांचा आहे. ‘ट-टक्‌’ असे दोन सुटे आवाज आले तर उशीर वीस-तीस मिलिसेकंदांच्या वर गेला आहे.

आवाज कुठून कुठून फिरून येतो

माईकमधला आवाज इंटरफेसमध्ये आकड्यांत बदलतो. हे आकडे यूएसबीने कॉम्प्युटरला एकेक करून जात नाहीत, गठ्ठ्याने जातात. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. गठ्ठा भरेपर्यंत थांबावं लागतं, मग सॉफ्टवेअर त्यावर काम करतं, आणि परत जाताना दुसरा गठ्ठा भरून इंटरफेसकडे, तिथून हेडफोनमध्ये. म्हणजे बफरचा वेळ येताना एकदा आणि जाताना एकदा असा दोनदा मोजायचा.

हिशोब सोपा आहे: बफरमधल्या सॅम्पलची (आवाजाच्या एकेका आकड्याची) संख्या भागिले सॅम्पल रेट (सेकंदाला किती सॅम्पल). ४८,००० च्या रेटवर ६४ सॅम्पलचा बफर १.३ मिलिसेकंदांचा, १२८ चा २.७, २५६ चा ५.३, ५१२ चा १०.७ आणि १०२४ चा २१.३ मिलिसेकंदांचा. २५६ वर जाऊन-येऊन १०.७ झाले. त्यात आवाजाचे आकडे करणं, आकड्यांचा परत आवाज करणं आणि ड्रायव्हरने सुरक्षेसाठी ठेवलेला छुपा बफर मिळवा. एकूण बेरीज बारा ते सोळाच्या आसपास जाते. हा छुपा बफर प्रत्येक ड्रायव्हरचा वेगळा असतो, म्हणून दोन इंटरफेसवर १२८ हाच आकडा ठेवूनही प्रत्यक्ष उशीर सारखा नसतो.

बारा मिलिसेकंद म्हणजे किती? हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक फूट जातो. म्हणजे बारा फुटांवर ठेवलेल्या स्पीकरमधून स्वतःला ऐकण्याइतकं. कीबोर्डवाल्याला हे चालून जातं, ढोलकीवाल्याला खटकतं, आणि गायकाला सगळ्यात जास्त त्रास देतं. कारण गायकाचा आवाज त्याच्या कानात दोन वाटांनी पोचतो. एक वाट कवटीच्या हाडांतून, तिला उशीर नाही. दुसरी हेडफोनमधून. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले की काही स्वर एकमेकांना मारतात. उशीर तीन मिलिसेकंदांचा असेल तर १६७, ५०० आणि ८३३ हर्ट्‌झच्या आसपास खड्डे पडतात, म्हणजे नेमके गळ्याच्या मुख्य पट्ट्यात. म्हणून ‘उशीर तर जाणवत नाही, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो’ ही तक्रारसुद्धा उशिराचीच असते. माईक बदलून ती जात नाही.

ब्लूटूथ बाजूला ठेवा

नेकबँड, इअरबड, ब्लूटूथ हेडफोन, काहीही असो. रेकॉर्डिंगच्या वेळी चालणार नाही. सर्वसाधारण ब्लूटूथमध्ये शंभर ते अडीचशे मिलिसेकंद उशीर असतो. व्हिडिओ बघताना तो कळत नाही, कारण प्लेअर चित्रही तेवढंच मागे ठेवतो. गाताना अशी सोय करता येत नाही. बफर कितीही उतरवला तरी ब्लूटूथचा उशीर तसाच राहतो. ‘गेमिंग मोड’ लिहिलेले हेडफोनही गाण्याच्या कामाला पुरत नाहीत.

ब्लूटूथ हेडफोनला वायरचं भोक असेल तर वायर लावून वापरता येतो, पण नॉइज कॅन्सलिंग बंद ठेवा. ते चालू असताना काही हेडफोन वायरने आलेला आवाजही स्वतःच्या चिपमधून फिरवतात.

घ्यायचाच असेल तर बंद कपांचा, वायरचा, ३२ ते ८० ओहमचा हेडफोन घ्या. २५० ओहमवाले स्वस्त इंटरफेसवर दबून वाजतात. इंटरफेसचं हेडफोनचं भोक बहुधा पाव इंची असतं, ३.५ मिलिमीटरवरून पाव इंचीवर नेणारी स्टीरिओ पिन जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी सहज मिळते. पिनवर दोन काळे पट्टे आहेत ना ते बघून घ्या. एकच पट्टा असेल तर ती मोनो पिन, आणि एका कानातला आवाज गायब होईल.

मुख्य इलाज: डायरेक्ट मॉनिटरिंग

जवळपास प्रत्येक इंटरफेसवर माईकचा आवाज कॉम्प्युटरकडे न नेता तिथल्या तिथे हेडफोनला जोडण्याची सोय असते. फोकसराइटच्या स्कार्लेट सोलोवर आणि टू आय टू वर ‘डायरेक्ट’ असं लिहिलेलं असतं, बेहरिंगरच्या यूएम टू वर ‘डायरेक्ट मॉनिटर’ हे बटण आहे, मोटू एम टू वर प्रत्येक इनपुटला ‘मॉनिटर’ बटण आहे. एसएसएल टू, ऑडिएंट आयडी फोर, प्रीसोनस ऑडिओबॉक्स यांच्यावर बटणाऐवजी गोल खुंटी असते: एका टोकाला इनपुट, दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर, आणि मध्ये दोन्हींचं मिश्रण. अशी खुंटी मिळाली तर उत्तम, तोल हाताने साधता येतो.

या वाटेने उशीर शून्य किंवा शून्याच्या इतका जवळ राहतो की कानाला कळत नाही. बफर १०२४ असला तरी फरक पडत नाही. जुन्या, दमलेल्या लॅपटॉपवरही चालतं.

जोडणी अशी करा.

१. हेडफोन इंटरफेसच्या भोकात लावा, लॅपटॉपच्या नव्हे. हे सांगण्यासारखं वाटत नाही, पण ही चूक फार होते.

२. सॉफ्टवेअरमध्ये इनपुट आणि आउटपुट दोन्ही एकाच इंटरफेसवर ठेवा.

३. इंटरफेसवरचं डायरेक्टचं बटण दाबा किंवा खुंटी मधोमध आणा. मोनो-स्टीरिओ निवडता येत असेल तर एका माईकसाठी मोनो. स्टीरिओवर इनपुट एकचा आवाज फक्त डाव्या कानात येतो.

४. आता सॉफ्टवेअरमधून येणारा गायकाचा आवाज बंद करा. हीच पायरी सुटते आणि मग ‘डायरेक्ट लावूनही लॅग येतो’ अशी तक्रार होते. रीपरमध्ये ट्रॅकवरचं रेकॉर्ड मॉनिटरिंगचं बटण बंद करा. लाल रेकॉर्ड आर्म चालूच राहू द्या. ऑडॅसिटीमध्ये ‘सॉफ्टवेअर प्लेथ्रू’ची (नव्या आवृत्त्यांत ‘ऑडिबल इनपुट मॉनिटरिंग’ची) खूण काढा. इतर सॉफ्टवेअरमध्ये त्याला ‘इनपुट मॉनिटर’ किंवा ‘इनपुट एको’ म्हणतात, चित्र बहुधा छोट्या स्पीकरचं असतं.

५. विंडोजमध्ये साउंड सेटिंगच्या रेकॉर्डिंग भागात जाऊन माईकच्या प्रॉपर्टीजमधला ‘लिसन’ हा कप्पा उघडा. ‘लिसन टू धिस डिव्हाइस’वर खूण असेल तर काढा. कोणीतरी कधीतरी आवाज येतो का ते बघायला ती लावलेली असते आणि नंतर विसरली जाते. ही वाट सगळ्यात संथ आहे.

६. गेन (इंटरफेस माईकचा आवाज किती वाढवतो ते) असा ठेवा की नेहमीचं गाणं उणे १८ ते उणे १२ डेसिबलदरम्यान राहील आणि सगळ्यात चढी तानही उणे ६ च्या पुढे जाणार नाही. मग सॉफ्टवेअरमधला ठेक्याच्या ट्रॅकचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) सहा ते दहा डेसिबल खाली ओढा आणि हेडफोनची खुंटी वर न्या. गायकाचा आवाज ठेक्याच्या वर येतो. फक्त बटणवाल्या इंटरफेसवर तोल साधायचा हाच मार्ग आहे. गायकाला स्वतःचा आवाज वाढवून देण्यासाठी गेन वाढवत सुटू नका, कारण त्याने रेकॉर्डिंग फाटतं.

पुन्हा टक्‌ची चाचणी घ्या. अजूनही दोन टक्‌ येत असतील तर चौथी किंवा पाचवी पायरी राहिली आहे. खात्री करायला इंटरफेसची यूएसबी वायर जोडलेली ठेवून सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा. आता एकच स्वच्छ टक्‌ आला तर दोष सॉफ्टवेअरच्या मॉनिटरिंगचा.

यूएसबी माईक असेल तर त्याच्या अंगावर हेडफोनचं ३.५ मिलिमीटरचं भोक आहे का बघा. असेल तर ते याच कामासाठी आहे आणि गाण्याचा ट्रॅकही त्यातूनच ऐकायचा. नसेल तर त्या माईकवर डायरेक्ट मॉनिटरिंग होत नाही. घेण्याआधी तपासायची ही पहिली गोष्ट. माईकच्या सोनेरी जाळीपेक्षा हे भोक जास्त कामाचं.

‘पण कोरडा आवाज गाता येत नाही’

डायरेक्टची एकच खरी अडचण आहे. कानात आवाज कोरडा येतो. मंडपातल्या साउंडवर एको लावून गाण्याची सवय असलेल्या गायकाला तो उघडा पडल्यासारखा वाटतो आणि तो दबून गातो. यासाठी पुन्हा सगळा आवाज कॉम्प्युटरमधून फिरवायची गरज नाही. मूळ आवाज डायरेक्टने द्यायचा आणि कॉम्प्युटरमधून फक्त रिव्हर्बची शेपटी, म्हणजे मागे घुमत राहणारा आवाज, आणायची. शेपटी बारा-पंधरा मिलिसेकंद उशिरा आली तर बिघडत नाही, उलट बरं वाटतं. मोठ्या खोलीत पहिला प्रतिध्वनी असाच थोड्या वेळाने येतो, आणि रिव्हर्बच्या बहुतेक प्लगइनमध्ये (सॉफ्टवेअरला जोडायच्या इफेक्टमध्ये) मुद्दाम असा उशीर घालायची सोय असते.

रीपरमध्ये ते असं करतात. गायकाच्या ट्रॅकवर रेकॉर्ड आर्म चालू आणि या वेळी मॉनिटरिंगही चालू. त्याच ट्रॅकच्या रूट खिडकीत ‘मास्टर सेंड’ची खूण काढा, म्हणजे कोरडा आवाज कॉम्प्युटरमधून बाहेर जाणार नाही. नवा ट्रॅक घ्या, त्यावर रीपरसोबतच येणारं रीव्हर्बेट लावा, त्यातला ड्राय पूर्ण खाली आणि वेट वर. गायकाच्या ट्रॅकवरून या नव्या ट्रॅकला सेंड द्या. इंटरफेसवर डायरेक्ट चालूच. बफर २५६ पुरतो.

आवाज पुन्हा पोकळ वाटला तर रिव्हर्बमधला ड्राय पूर्ण खाली गेलेला नाही किंवा मास्टर सेंडची खूण राहिली आहे. आणि टेक (एका वेळचं रेकॉर्डिंग) झाल्यावर ऐकताना गायकाचा कोरडा आवाज गायब दिसला तर घाबरू नका, मास्टर सेंडची खूण परत लावा. रेकॉर्ड झालेली फाइल कोरडीच असते, त्यामुळे मिक्सिंगच्या वेळी हवा तो इफेक्ट घालायला मोकळीक राहते.

स्टाइनबर्गच्या यूआर २२ सी सारख्या काही इंटरफेसमध्ये रिव्हर्बची चिप आतच असते आणि हा सगळा खटाटोप वाचतो. रोज वेगवेगळे गायक येत असतील तर तेवढे जास्त पैसे टाकावेत. महिन्यातून दोन गाणी करणाऱ्याला वरची युक्ती पुरेशी आहे.

कॉम्प्युटरमधून जाणं भागच असेल तर

मिडी कीबोर्डवर (तो आवाज नाही, फक्त कोणती पट्टी दाबली ते कॉम्प्युटरला कळवतो) सॉफ्टवेअरमधली हार्मोनियम किंवा बासरी वाजवायची असेल, गिटार सॉफ्टवेअरच्या अँपमधून ऐकायची असेल, तर डायरेक्टचा उपयोग नाही. आवाज तयारच कॉम्प्युटरमध्ये होतो. मिडीमध्ये फक्त बाहेर जाणारा बफर मोजायचा असतो, म्हणून तिथे थोडी सूट मिळते. ऑक्टोपॅडवाल्यांनी मात्र आधी एक विचार करावा. पॅडचे स्वतःचे आवाज चालणार असतील तर मिडी सोडा, त्याचं आउटपुट पाव इंची वायरने इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्ये घाला आणि डायरेक्टवर ऐका. काठी आणि आवाज एकत्र पडतात.

विंडोजवर पहिलं काम ड्रायव्हरचं. विंडोजची नेहमीची ध्वनिव्यवस्था सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकत्र करून पुढे पाठवते आणि त्यात वेळ जातो. ते टाळण्यासाठी स्टाइनबर्गने १९९७ मध्ये असिओ ही पद्धत आणली. इंटरफेसच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्याच मॉडेलचा असिओ ड्रायव्हर घ्या आणि सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये असिओ निवडून त्यात त्या ड्रायव्हरचं नाव निवडा. कंपनीचा ड्रायव्हर नसेल तरच ‘असिओ फोर ऑल’ वापरा. तो खरा ड्रायव्हर नाही, विंडोजच्या ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. त्याने फरक पडतो, पण यूएसबी माईक आणि लॅपटॉपचा स्पीकर अशी दोन उपकरणं त्यात एकत्र बांधली तर दोघांची घड्याळं वेगळी चालतात आणि काही मिनिटांनी आवाज तुटू लागतो. ऑडॅसिटी अधिकृतपणे असिओसह येत नाही, त्यामुळे या कामासाठी तिच्याशी झटत बसू नका. मॅकवर ही सगळी भानगड नाही, तिथली कोअर ऑडिओ पुरेशी आहे.

मग रेट. प्रोजेक्ट, ड्रायव्हर आणि विंडोज, तिन्ही ठिकाणी ४८,००० ठेवा. ब्राउजरमध्ये एखादं गाणं ४४,१०० वर चालू राहिलं तर काही ड्रायव्हर आपला रेट बदलतात आणि आवाज पूर्ण बंद पडतो किंवा पट्टी बदलते. ९६,००० केल्यास त्याच बफरला निम्मा वेळ लागतो हे खरं, पण प्रोसेसरवरचा भार साधारण दुप्पट होतो आणि एका मोनो ट्रॅकची मिनिटाची फाइल ८.६ एमबीवरून १७.३ एमबीवर जाते. साध्या लॅपटॉपवर हा सौदा परवडत नाही.

बफर १२८ वर ठेवून सुरुवात करा. सगळे ट्रॅक चालू, एक ट्रॅक रेकॉर्डवर, असं पूर्ण गाणं एकदा वाजवा. तडतड आली तर २५६. नाही आली तर ६४ करून बघा. त्याखाली जाण्यात घरगुती कामात राम नाही. रीपरच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ड्रायव्हरने कळवलेला इनपुट आणि आउटपुटचा उशीर मिलिसेकंदांत दिसतो. दोन्हींची बेरीज दहाच्या आत आली तर बहुतेक वादकांची तक्रार थांबते.

बफर उतरूनही उशीर तसाच असेल तर प्लगइन बघा. लिनिअर फेज इक्वलायझर, पुढचं बघून काम करणारा लिमिटर, आवाजातली खरखर काढणारे आणि मास्टरिंगचे प्लगइन स्वतःच शेकडो किंवा हजारो सॅम्पल मागतात. मास्टरवर लावलेला असा एक प्लगइन सगळ्या प्रोजेक्टला मागे ओढतो, कारण सॉफ्टवेअर सगळ्यांना त्याच्या बरोबरीने थांबवतं. रीपरमध्ये इफेक्टच्या खिडकीत खाली सॅम्पलचा आकडा दिसतो. शून्य नसेल तो प्लगइन रेकॉर्डिंगपुरता बंद. क्युबेसमध्ये ‘कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशन’, लॉजिकमध्ये ‘लो लेटन्सी मोड’, एबलटनमध्ये ‘रिड्यूस्ड लेटन्सी व्हेन मॉनिटरिंग’ हे याच कामासाठी आहेत.

सगळ्यात खात्रीचा मार्ग वेगळाच आहे. चाळीस ट्रॅकचा ठेका, कीबोर्ड, बेस सगळं एका स्टीरिओ वेव्ह फाइलमध्ये काढा. नवा रिकामा प्रोजेक्ट उघडा, ती फाइल शून्यावर ठेवा, आणि फक्त त्यावर गाणं किंवा वादन ६४ वर रेकॉर्ड करा. दमलेला लॅपटॉपही हे सहन करतो. नंतर टेक शून्यापासून बाहेर काढून मूळ प्रोजेक्टमध्ये शून्यावर ठेवायचे. फाइल एमपीथ्री करू नका. एमपीथ्री होताना सुरुवातीला थोडी शांतता चिकटते, आणि मूळ प्रोजेक्टमध्ये सगळे टेक त्या फरकाने सरकलेले सापडतात.

उन्हाळा आणि वीज

जानेवारीत ६४ वर सुरळीत चालणारी जोडणी मेमध्ये १२८ वरही तडतडते. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात, आणि भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या घरात जातो. त्यात रेकॉर्डिंग करताना कूलर आणि पंखा बंद. खोली तापते, प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो, आणि गठ्ठा वेळेत तयार होत नाही. म्हणून बफर ठरवताना मेमधल्या दुपारचा विचार करून ठरवा. शक्य असेल तर गाणी सकाळी आठच्या आत उरका. लॅपटॉप गादीवर कधीच नको, मागची बाजू दोन वह्यांवर उचलून ठेवा, जाळीतली धूळ वर्षातून एकदा काढून घ्या. गावाकडे धाब्याचं घर अजून उभं असेल तर रेकॉर्डिंग तिथे करा. जाड मातीच्या भिंतींमुळे आत गारवा राहतो आणि स्लॅबच्या खोलीइतका आवाज घुमतही नाही.

वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि विंडोज लगेच वेग कमी करतं. तडतड नेमकी तेव्हाच सुरू होते. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘ऑन बॅटरी’ आणि ‘प्लग्ड इन’ या दोन्ही रकान्यांत हाय परफॉर्मन्सच्या सेटिंग एकसारख्या ठेवा, आणि ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ दोन्हीकडे बंद करा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चार्जर लावला तर रेकॉर्डिंगमध्ये गुणगुण येऊ शकते. त्या वेळी चार्जर काढून बॅटरीवरच टेक घ्या.

इंटरफेस लॅपटॉपच्या स्वतःच्या पोर्टमध्ये लावा, हबमध्ये नको. हबमुळे उशीर वाढत नाही, आवाज तुटण्याची शक्यता वाढते. एवढं करूनही तुटत असेल तर ‘लेटन्सीमॉन’ हा प्रोग्राम दहा मिनिटं चालवा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतो ते तो नावानिशी दाखवतो. बऱ्याचदा वायफायचा निघतो. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय आणि ब्लूटूथ बंद करणं हाच इलाज.

ट्रॅक मागे बसतो: मोजून दुरुस्त करा

गायकाने तालात गायलं आणि तरी टेक मागे बसला, तर सॉफ्टवेअरची भरपाई चुकते आहे. कानाने सरकवत बसू नका, एकदा मोजा.

इंटरफेसच्या डाव्या आउटपुटपासून इनपुट एकपर्यंत पाव इंची वायर लावा. त्याआधी चार गोष्टी: डायरेक्ट बंद, ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद, कंडेन्सर माईकसाठीचं ४८ व्होल्टचं बटण बंद, इनपुट ‘लाइन’वर आणि गेन सगळ्यात खाली. हेडफोन कानावरून काढून ठेवा. पहिल्या दोनपैकी एक जरी चालू राहिली तर आवाज स्वतःभोवती फिरून कर्कश शिट्टी वाजते. आता एका ट्रॅकवर टिचकीसारखा तीक्ष्ण आवाज ठेवा, दुसऱ्या ट्रॅकवर इनपुट एक रेकॉर्ड करा. दोन्ही टिचक्या सॅम्पल दिसेपर्यंत मोठ्या करा आणि सुरुवातीतलं अंतर मोजा. ४८,००० वर ९६ सॅम्पल म्हणजे २ मिलिसेकंद.

रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, त्यात रेकॉर्डिंग या पानावर ड्रायव्हरने कळवलेला उशीर वापरण्याची खूण आहे. ती चालू असताना मिळालेलं अंतर म्हणजे उरलेली चूक. बंद करून मोजलं तर पूर्ण जाण्या-येण्याचा उशीर कळतो. चूक त्याच पानावरच्या मॅन्युअल ऑफसेटमध्ये भरा आणि पुन्हा मोजा. अंतर दुप्पट झालं तर चिन्ह उलट करा. बफर किंवा ड्रायव्हर बदलला की चाचणी नव्याने.

ऑडॅसिटीत लेटन्सी कॉम्पेन्सेशन मुळात उणे १३० मिलिसेकंद असतं आणि ते क्वचितच तुमच्या यंत्राला जुळतं. टेक ४० मिलिसेकंद मागे बसला तर उणे १७० करा, ४० पुढे बसला तर उणे ९०.

मिक्सर, मोबाईल आणि चार बायका एका हेडफोनवर

यूएसबीचा छोटा मिक्सर असेल तर मॉनिटरिंग आपोआप विनाउशीर होतं, पण एक सापळा आहे. कॉम्प्युटरकडून येणारा ठेका मिक्सरच्या मुख्य मिक्समध्ये घातला तर तो गायकाच्या आवाजासोबत परत रेकॉर्ड होतो, तोही उशिराने. त्या आवाजाला बहुधा दोन बटणं असतात, एक मुख्य मिक्सकडे आणि एक फक्त हेडफोनकडे पाठवणारं. दुसरंच दाबायचं.

मोबाईलवर रेकॉर्ड करताना वायरचा इअरफोन लावा आणि अ‍ॅपमधलं मॉनिटरिंग बंद ठेवा. एका कानात ठेका, दुसरा कान उघडा. अँड्रॉइडमध्ये हा उशीर फोनगणिक बदलतो आणि तुमच्या हातात फारसं काही नसतं. ओटीजीने डायरेक्टची सोय असलेला इंटरफेस जोडता आला तर प्रश्न मिटतो.

कानबाईची गाणी चार जणी मिळून म्हणतात आणि इंटरफेसला हेडफोनचं भोक एकच. ब्लूटूथने वाटण्याचा मोह होईल, तो टाळा. दोन हेडफोनपर्यंत साधी वाय पिन चालते, फक्त दोन्ही हेडफोन एकाच ओहमचे हवेत, नाहीतर एकीला मोठं आणि दुसरीला बारीक ऐकू येतं. त्यापुढे चार चॅनेलचा छोटा हेडफोन अँप्लिफायर, उदाहरणार्थ बेहरिंगरचा एचए ४००, घ्या. त्यात सगळं अ‍ॅनालॉग आहे, उशीर वाढत नाही, आणि प्रत्येकीला आवाज कमी-जास्त करायला स्वतःची खुंटी मिळते.